परतीचा दोर

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांची बैठक झाली. विषय होता, कॅज्युअल्टीत आलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत श्वासासाठी ट्यूब कोणी टाकायची आणि कशाने टाकायची. दीड तास खडाजंगी झाली. एका गटाचं म्हणणं, भूलतज्ज्ञ सोडून कोणी ट्यूबला हातच लावू नये. दुसरा गट म्हणत होता, प्रत्येक कॅज्युअल्टीला व्हिडिओ लॅरिंजोस्कोप, म्हणजे घशात बघायचं कॅमेरा लावलेलं पातं, द्या, मग कालचा एमबीबीएसही टाकेल. मधेच कोणीतरी एका नर्सिंग होमच्या तोडफोडीची आठवण काढली. ‘डॉक्टरला नळी टाकता आली नाही म्हणून माणूस गेला,’ असं तिथल्या नातेवाइकांनी पोलिसांत लिहून दिलं होतं. मग सगळी चर्चा बंदोबस्त आणि विमा यांवर घसरली. बावीस वर्षं भूल देण्यात गेल्यामुळे मी पहिल्या गटाची बाजू लढवेन अशी अपेक्षा होती. मी बोलले नाही. भूलतज्ज्ञ, यंत्रवाले आणि चिडलेले नातेवाईक, तिघेही एकच गोष्ट गृहीत धरून भांडत होते: ट्यूब गेली तर डॉक्टर जिंकला, नाही गेली तर हरला.

हे गृहीतकच माणसं मारतं. ट्यूब हे साधन आहे, रुग्णाला हवा असतो ऑक्सिजन. कितीही कसलेल्या हाताला कधी ना कधी एखादा घसा दाद देत नाही. त्यात अपराध काही नाही. अपराध आहे तो सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, घसरत असताना तेच ते करत राहण्याचा. म्हणून एखाद्या आपत्कालीन विभागाची परीक्षा घ्यायची तर ‘इथे ट्यूब कोण टाकतं’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ट्यूब जात नाहीये हे इथे कोण बोलून दाखवतं, किती वेळात, आणि पुढच्या मिनिटाला काय होतं?

मिनिटाचं महत्त्व सांगायला शाळेतलं गणित पुरतं. शांतपणे श्वास सोडल्यावर मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत साधारण अडीच लिटर हवा उरते. तिच्यात पाचवा हिस्सा ऑक्सिजन, म्हणजे 500 मिलीलिटर. शरीर मिनिटाला सुमारे 250 मिलीलिटर संपवतं, आणि साठ्याचा शेवटचा थेंब काही वापरता येत नाही. म्हणजे श्वास थांबला की साध्या हवेवर हाती उरतं जेमतेम मिनिटभर. तीच फुप्फुसं आधी शुद्ध ऑक्सिजनने भरून घेतली तर धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. ऑपरेशन थिएटरात माझा रुग्ण उपाशी असतो, तपासलेला असतो, आणि ही आठ मिनिटं मी आधीच खिशात टाकलेली असतात. कॅज्युअल्टीतल्या रुग्णाने तासापूर्वी भाकरी खाल्लेली असते, छातीत न्यूमोनिया किंवा रक्त असतं, ब्लडप्रेशर उतरणीला लागलेलं असतं. त्याचा साठा मुळातच अर्धा, आणि खर्च दुप्पट. 2021 साली 29 देशांतल्या जवळपास तीन हजार अत्यवस्थ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्यूब टाकताना किंवा लगेच नंतर त्यांतल्या 45 टक्के रुग्णांत काहीतरी गंभीर बिघडलं, आणि सुमारे 3 टक्क्यांचं हृदय बंद पडलं. त्यातही ऑक्सिजन कमी पडण्यापेक्षा ब्लडप्रेशर कोसळण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. घसा सोपा असूनही रुग्ण अवघड असू शकतो, ही गोष्ट ‘ट्यूब गेली की नाही’ या हिशेबात बसतच नाही.

आणि यातली सगळ्यात धोक्याची पायरी ट्यूबच्या आधीची. घसा सैल पडावा म्हणून आपण स्नायू शिथिल करणारं औषध देतो, आणि त्याच क्षणी रुग्णाचा स्वतःचा तुटपुंजा श्वासही बंद होतो. कोंढाण्यावर सूर्याजीने दोर कापले, तसे हे परतीचे दोर आपण आपल्या हाताने कापतो. ती गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून पाठ असते. दोर कापले, आता लढा किंवा मरा. कॅज्युअल्टीत मरणारा मात्र वेगळा असतो. आम्हाला शिकवताना कोंढाण्याऐवजी पुरंदर शिकवायला हवा होता. 1665 साली महाराजांनी 23 किल्ले देऊन टाकले, 12 राखले, आणि पाच वर्षांत गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. त्या तहाला कोणी पळपुटेपणा म्हणतं का? मग मास्क लावून, हाताने दाबायच्या अंबू बॅगने सॅच्युरेशन वर आणून, ‘माझ्याने होत नाहीये, दुसरा मार्ग घेऊ’ म्हणणाऱ्या डॉक्टरला आपण कच्चा का ठरवतो?

अवघड घसा म्हटलं की पुस्तकात आखूड मान, मागे गेलेली हनुवटी आणि पुढे आलेले दात यांची चित्रं असतात. आमच्याकडचा अवघड घसा पुडीतून येतो. 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. विदर्भात खर्रा आणि पश्चिम महाराष्ट्रात मावा मात्र टपरीवर समोर घोटून मिळतो. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू पांढरं आणि कडक होतं, गालांत दोरीसारखे पट्टे धरतात, आणि जिथे तीन बोटं उभी मावायला हवीत तिथे एक शिरत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण करणाऱ्याने खर्रा खाणारा पाहिला नव्हता. शिथिल करणारं औषधही इथे फसवतं. तोंड स्नायूंच्या ताणाने मिटलेलं नसतं, आत व्रण धरलेला असतो, आणि व्रण औषधाने सैल होत नाही. रात्री दोन वाजता दुचाकीवरून पडलेला, बेशुद्ध, तोंडात रक्त असलेला पंचविशीतला मुलगा येतो. त्याचं तोंड किती उघडतं हे कोणी बघत नाही, कारण तो ‘तरुण आणि सडपातळ’ असतो. औषध दिल्यावर कळतं की लॅरिंजोस्कोपचं पातं दातांच्या फटीतून जातच नाही. साधं जात नाही आणि व्हिडिओवालंही जात नाही.

दुसरं आमचं दुखणं फवारणीचं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सगळ्यांनी विषाची चर्चा केली, श्वासाची फार थोड्यांनी. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलेल्या रुग्णाचा घसा लाळेने आणि फेसाने भरलेला असतो. सक्शन चालत नसेल तर जगातला सर्वोत्तम कॅमेराही फेसच दाखवतो. शिवाय सक्सामेथोनियम हे स्नायू शिथिल करणारं, नेहमी झटपट उतरणारं औषध इथे लवकर उतरत नाही, कारण ते मोडणारं एन्झाइमच विषाने निकामी केलेलं असतं. चार-पाच मिनिटांत श्वास परत येईल या भरवशावर बसलेला डॉक्टर तासन्‌तास बसून राहतो.

आता यंत्रवाल्यांचं म्हणणं. ते कमकुवत नाही, आणि मी त्याला विरोध करणार नाही. 2023 साली अमेरिकेतल्या 17 आपत्कालीन आणि अतिदक्षता विभागांत 1,417 रुग्णांवर तुलना झाली. व्हिडिओ लॅरिंजोस्कोपने पहिल्याच प्रयत्नात 85 टक्के रुग्णांत ट्यूब गेली, साध्याने 71 टक्के. शंभरात चौदांचा फरक एखाद्या औषधाने दाखवला असता तर आपण पेढे वाटले असते. नवशिक्याच्या हाताला तर तो कॅमेरा वरदान आहे, आणि शिकवणाऱ्यालाही, कारण विद्यार्थ्याला काय दिसतंय ते दोघांना एकाच वेळी दिसतं. जिल्हा रुग्णालयांत तो असायलाच हवा, यावर माझी सही घ्या. पण उरलेल्या 15 जणांचं काय? त्यांच्यासाठी यंत्राकडे उत्तर नाही, आणि यंत्र विकत घेतलं म्हणून विभागाकडेही ते आपोआप येत नाही. उलट मी एक नवाच घोटाळा पाहते आहे. पडद्यावर स्वरतंतू स्वच्छ दिसतात, ट्यूब मात्र वळत नाही. ‘दिसतंय, दिसतंय, एक सेकंद,’ असं म्हणत डॉक्टर पडद्याला खिळून राहतो, आणि त्याच्या पाठीमागच्या दुसऱ्या पडद्यावर सॅच्युरेशन 90, 82, 70 होत जातं. (हे महागडं यंत्र हरवू नये म्हणून कुलपात ठेवतात आणि किल्ली घरी गेलेल्या इनचार्ज सिस्टरकडे असते, हा विषय मी इथे काढत नाही.)

यंत्र की माणूस, हा वाद नवा नाही. ऑगस्ट 1952 मध्ये कोपनहेगनच्या ब्लेग्डम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण लोटले. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी तिथे लोखंडी फुप्फुसाचं यंत्र होतं एकुलतं एक, आणि जोडीला छातीला बांधायची सहा लहान यंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत अशा 31 रुग्णांपैकी 27 दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सांगितलं, गळ्याला छेद द्या, नळी बसवा आणि हाताने पिशवी दाबून हवा द्या. बारा वर्षांच्या मुलीवर त्याने ते करून दाखवलं. पुढचे कित्येक महिने सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्या यशाचं मर्म काय होतं? पिशवी तर आधीपासून थिएटरात पडून होती. मोठं यंत्र पुरत नाही हे मान्य करून साधा मार्ग ठरवणं, आणि तो प्रत्येकाला शिकवणं, हे नवीन होतं. मण्यार चावलेला रुग्ण आपल्याकडे आजही असाच वाचतो. पापण्या मिटायला लागल्या की लसीइतकंच कोणीतरी न कंटाळता बॅग दाबत राहणं मोलाचं ठरतं. पुष्कळदा ते करणारा त्याचा भाऊच असतो.

माझ्या स्वतःच्या जातभाईंचं म्हणणं खोडणं अधिक अवघड, कारण त्यात तथ्य अधिक. भूलतज्ज्ञ आयुष्यात हजारो ट्यूब टाकतो, त्याचा हात बसलेला असतो, आणि अवघड घसा आधी ओळखण्याची नजर त्याला असते. तो उपलब्ध असेल तर त्याला बोलावणंच शहाणपणाचं. पण तालुक्याच्या गावी तो वीस मिनिटांच्या अंतरावर असतो, आणि वरचं मिनिटाचं गणित आपण नुकतंच केलं. आपत्कालीन वैद्यक या विषयात एमडीला आपल्या देशात मान्यता मिळाली 2009 साली. त्या शिकलेल्या मुलांना आपण ट्यूबला हात लावू देणार नाही, तर शिकवलं कशाला? आणि समजा, भूलतज्ज्ञ तिथेच उभा आहे. पुरेल का?

मार्च 2005 मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली ही तरुणी सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर होती. रात्र नाही, अपघात नाही, रक्त नाही. भूल दिल्यावर मास्कने हवा जाईना आणि ट्यूबही जाईना. खोलीत दोन ज्येष्ठ भूलतज्ज्ञ आणि एक ज्येष्ठ कान-नाक-घसा शल्यविशारद होते. म्हणजे आमच्या बैठकीतल्या पहिल्या गटाला हवी ती सगळी माणसं. ती माणसं ट्यूब टाकत राहिली. एका नर्सने गळ्याला छेद देण्याचा संच आणून ठेवला आणि तो आल्याचं सांगितलं. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. त्यांना जे कळलं होतं ते ज्येष्ठांच्या कानापर्यंत गेलं नाही. एलेन शुद्धीवर आलीच नाही आणि काही दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन वैमानिक. त्याने सूड मागितला नाही, चौकशी मागितली, आणि पुढे माणसं दडपणाखाली कशी चुकतात याचा अभ्यास वैद्यकात रुजावा म्हणून संस्था उभी केली. कॉकपिटमध्ये सहवैमानिकाने कॅप्टनला टोकायला शिकवतात, मग थिएटरात का नाही, हा त्याचा साधा प्रश्न होता.

इंग्लंडमधल्या नर्सला जे जमलं नाही ते आमच्या सिस्टरला जमेल? जिथे ‘सर’ खोलीत आले की स्टूलसुद्धा आपोआप सरकतं? मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका रात्री भाजलेल्या बाईला मी ट्यूब टाकत होते. घसा सुजत चालला होता आणि मी चौथ्यांदा आत बघत होते. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी दिसत होतं, आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं की आता जाईल. टेबलाच्या पायाशी उभ्या असलेल्या वयस्कर सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, चार झाले.” एवढंच. मोठ्याने नाही. मी पातं बाहेर काढलं आणि सर्जनने मान उघडली. ती बाई वाचली ती माझ्या कौशल्यामुळे नाही, त्या सिस्टर मोजत होत्या म्हणून. त्यांना कोणी मोजायला सांगितलं नव्हतं.

सांगायला हवं होतं. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने 2016 साली आपल्या देशासाठी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यांतलं सार सोपं आहे. प्रयत्नांच्या काळात नाकातून ऑक्सिजन चालू ठेवा. मर्यादित प्रयत्न करा, दोन, फार तर तीन. मधे सॅच्युरेशन घसरलं तर थांबून हवा द्या. ट्यूब जमली नाही तर घशात वरच्या वर बसणारं आय-जेलसारखं साधन टाका. तेही, मास्कही फसला तर वाट न बघता मानेतून मार्ग करा. यावर आक्षेप येतो की आपल्याकडे चेकलिस्ट म्हणजे आणखी एक कागद, रुग्ण वॉर्डात गेल्यावर एकाच पेनाने भरलेला. खरं आहे, मी अशा गठ्ठ्यांवर सह्या केल्या आहेत. म्हणूनच मी कागद मागत नाही, आवाज मागते. प्रत्येक ट्यूबच्या आधी एका माणसाला नेमा: तू मोज, आणि 90 च्या खाली गेलं की ओरड. ती सिस्टर असेल, इंटर्न असेल, ब्रदर असेल. नेमलेल्या माणसाचं ओरडणं उद्धटपणा ठरत नाही, ते त्याचं काम ठरतं. याला निविदा लागत नाही. मान उघडायचा संचही एक स्कॅल्पेल, एक बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आणि एक सहा नंबरची ट्यूब, एवढाच आहे. एका पिशवीत घालून भिंतीला टांगता येतो.

पैसे खर्चायचेच असतील तर मी आधी कॅप्नोग्राफवर, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, खर्चेन. ट्यूब श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली, तर बाहेर येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड टिकून दिसत नाही. पडद्यावरची रेघ सपाट होते. ब्रिटनने 2008-09 मध्ये वर्षभर देशातल्या श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची नोंद केली आणि 2011 साली अहवाल जाहीर केला. अतिदक्षता विभागांतल्या मृत्यू आणि मेंदूला कायमची इजा झालेल्या घटनांपैकी जवळपास तीन-चतुर्थांशांत कॅप्नोग्राफ नसणं किंवा तो न वापरणं हे एक कारण होतं. त्याच अहवालात भूलतज्ज्ञांनी मानेत सुई घालून केलेले निम्म्याहून अधिक प्रयत्न फसल्याचीही कबुली आहे. आपल्या जखमा असा मोजून छापणारा अहवाल आपल्याकडे कोण काढेल?

काढत नाही, कारण भीती. आणि भीतीचं कारण दारात उभं असतं. नातेवाइकांच्या रागाला मी अडाणी म्हणणार नाही. आत काय झालं हे त्यांना कोणी सांगत नाही, केसपेपरवर ‘अथक प्रयत्न केले’ एवढंच असतं, मग ‘नळी टाकता आली नाही’ एवढंच त्यांच्या हाती लागतं. हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे. त्याने मारहाण थांबली असं कॅज्युअल्टीत काम करणारं कोणी म्हणणार नाही. न्यायालयाने मात्र योग्य प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य हा 2005 चा निकाल आमच्या प्रत्येक परिषदेत दाखवतात, ‘निर्णयातली चूक म्हणजे फौजदारी निष्काळजीपणा नव्हे’ या आश्वासनासाठी. तो खटला कशावरून उभा राहिला हे सहसा सांगत नाहीत. श्वास कोंडलेल्या रुग्णाला लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला, असा आरोप होता. न्यायालयाने डॉक्टरवरचा खटला रद्द केला आणि तसा सिलिंडर उपलब्ध नसण्याबद्दल रुग्णालयावर दिवाणी जबाबदारी येऊ शकते, ही शक्यता उघडी ठेवली. ज्या हाताने प्रयत्न केला त्याला सोडून ज्याने तयारी ठेवायची होती त्याला विचारा, हा त्यातला धडा मला अधिक मोलाचा वाटतो. केसपेपरवर प्रत्येक प्रयत्नाची वेळ आणि तेव्हाचं सॅच्युरेशन लिहिलेलं असेल तर प्रामाणिक डॉक्टरला त्याहून मोठा वकील लागणार नाही, आणि नातेवाइकांनाही त्यांच्या माणसाची शेवटची दहा मिनिटं वाचता येतील.

108 च्या गाडीबद्दल थोडं. 2014 पासून राज्यात 937 रुग्णवाहिका सुरू झाल्या, आणि त्यांतल्या डॉक्टरांत बीएएमएस पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. ‘त्यांना काय ट्यूब येणार’ असं बैठकीत कोणी म्हटलंच. येत नसेल, पण लागते का? इंग्लंडमध्ये हृदय बंद पडलेल्या 9,296 रुग्णांवर रुग्णवाहिकेतच तुलना झाली. 2018 मध्ये निष्कर्ष आला की आय-जेल टाकलेले आणि ट्यूब टाकलेले, दोन्हींत चांगल्या अवस्थेत वाचणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच, साडेसहा टक्क्यांच्या आगेमागे. हे सगळ्या रुग्णांना लागू होत नाही; भाजलेल्या, सुजलेल्या घशात आय-जेल कामाचं नाही. पण घाटातल्या वळणावर, टॉर्चच्या उजेडात, व्यवस्थित मास्क धरता येणारा माणूस मला ट्यूबच्या नादी लागलेल्या माणसापेक्षा जास्त हवा आहे.

बैठकीत शेवटी व्हिडिओ लॅरिंजोस्कोप घेण्याचा ठराव झाला. चांगलं झालं. निघता निघता मागच्या रांगेतली एक इंटर्न उभी राहिली. “सर तिसऱ्यांदा टाकत असतील, तर त्यांना थांबा म्हणायचं कोणी?” तिने विचारलं. अध्यक्षांनी हसून सांगितलं की वेळ बराच झालाय, बाहेर चहा आहे. चहाला ती माझ्याशेजारी उभी होती. मी तिला सिस्टरांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मॅडम, पण सिस्टर पर्मनंट होत्या ना?”